सातबारा कोठे पाहावा?

आमच्या ग्रंथालयात हल्ली सातबाऱ्याची विचारणा वारंवार होते. ‘महाभूलेख’ संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून गट क्रमांक टाकला की उतारा फुकट दिसतो. पण तो फक्त माहितीपुरता. कचेरीत, बँकेत चालणारा डिजिटल स्वाक्षरीचा उतारा ‘डिजिटल सातबारा’वर १५ रुपयांत मिळतो. हा फरक ठाऊक नसल्याने वयस्कर शेतकरी एजंटाला जादा पैसे मोजतात, हे पाहवत नाही. मुलांच्या प्रकल्पांसाठी मराठी विश्वकोशाच्या २० खंडांतील नोंदीही मोफत वाचता येतात. नक्कल करण्याआधी नोंद पूर्ण वाचा, एवढा माझा आग्रह. गावोगावच्या ग्रंथालयांना शासनाने इंटरनेटच्या खर्चासाठी वेगळे अनुदान द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक ग्रंथपाल, जि. सातारा