कागदांसाठी आठवड्यातला एक तास, तोही दोघांनी मिळून

मा. संपादक,
स. न.

आपल्या पुरवणीत घर आवरण्यावर, कपाटं लावण्यावर बरंच छापून येतं आणि मी ते आवडीने वाचतो, पण घरातल्या कागदांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. बिलं, विम्याच्या पॉलिसी, वॉरंटी कार्डं, शाळेचे फॉर्म, बँकेची पत्रं, रिन्यूअलच्या तारखा हे पण घरकामच आहे, फक्त भांडी साचली की सगळ्यांना दिसतात आणि ड्रॉवरमध्ये साचलेले कागद कुणालाच दिसत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी बाबांना रात्री अचानक ॲडमिट करावं लागलं. काउंटरवर विम्याचा पॉलिसी नंबर विचारला तर आईला पॉलिसी आहे एवढंच माहीत, कुठल्या कंपनीची, चालू आहे की बंद पडली, काहीच नाही. मी आणि ताई पहाटेपर्यंत कपाट उपसत बसलो. सापडली तेव्हा कळलं की पॉलिसी व्यवस्थित चालू होती, पण तोवर डिपॉझिटचे पैसे आम्ही उसने आणून भरले होते. बाबा बरे झाले, ते महत्त्वाचं. पण मला लागून राहिलं ते हे की बाबा एकदम शिस्तीचे, एक हप्ता कधी चुकवला नाही, तरी घर त्या रात्री आंधळं झालं कारण सगळं एकट्या त्यांच्याच डोक्यात होतं.

मग स्वतःच्या घराकडे बघितलं तर तेच, फक्त इथे सगळं बायकोच्या डोक्यात. मी म्हणायचो, तू सांग ना, मी लगेच भरतो. पण सांगणं हेच तर मोठं काम आहे! २०१९ मध्ये ॲलिसन डॅमिंजर या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास छापला, त्यात त्या घरातल्या डोक्याच्या कामाचे भाग पाडतात, पुढे काय येणार ते ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही त्यावर लक्ष ठेवणं, आणि पहिला आणि शेवटचा भाग बहुतेक बायकांकडेच जातो असं त्यांना दिसलं. निर्णय मात्र दोघं मिळून घेतात. वाचताना आमचंच घर डोळ्यासमोर आलं.

आता आम्ही दर गुरुवारी रात्री एक तास दोघं बसतो. आधी रविवारी बसायचो, पण रविवारी एकही ऑफिस उघडं नसतं, फोन करायचे राहायचे आणि सोमवारच्या धावपळीत विसरून जायचे. गुरुवारी चिठ्ठी केली की शुक्रवारी फोन होतात. आठवडाभर जो कागद घरात येईल तो एका खोक्यात टाकायचा, मधेच काढून बघायचा नाही, आणि गुरुवारी खोका पूर्ण रिकामा करायचा. निम्मे कागद तिथेच फाडले जातात (नाव, खातेनंबर असलेले बारीक तुकडे करूनच). ऑटो डेबिटवर टाकलेली बिलं पण बघायची, कारण ऑटो डेबिट म्हणजे कुणीतरी बघतंय असं नाही, फ्री ट्रायल म्हणून घेतलेलं एक ॲप आमच्या खात्यातून सात महिने पैसे कापत होतं.

तारखांचं एक सांगतो. कॅलेंडरवर मुदत संपायची तारीख लिहून उपयोग नाही, काम सुरू करायची तारीख लिहा. पासपोर्ट घ्या, बरेच देश प्रवासाच्या तारखेपुढे अजून ६ महिने वैध असलेला पासपोर्ट मागतात, म्हणजे त्यावर छापलेली तारीख खरी मुदत धरायचीच नाही, आम्ही तर वर्षभर आधीची नोंद करतो.

आणि दुकानातली ती गुळगुळीत छापील बिलं! थर्मल पेपरवर शाई नसतेच, कागदावरच्या थरातलं रसायन उष्णतेने काळं होतं, आणि ऊन, गरमी, प्लॅस्टिकचं पाकीट यांनी ती अक्षरं उडतात, वॉरंटी संपायच्या आधी बिल कोरं. चांगलं टिकावं म्हणून लॅमिनेट करायला जाल तर मशीनच्या गरमीने अख्खं बिल काळं पडेल. त्यामुळे त्याच गुरुवारी झेरॉक्स किंवा फोटो काढून ठेवायचा आणि फाइलच्या नावात आधी वर्ष मग महिना मग दिवस, २०२५-०३-१४ असं, म्हणजे फाइल्स आपोआप तारखेप्रमाणे लागतात.

पण सगळ्यात मोलाचं म्हणजे आमच्या वहीचं पहिलं पान. कुठली पॉलिसी कुठल्या फाइलमध्ये, कुठल्या खात्याला नॉमिनी कोण, कुठला हप्ता कधी. पासवर्ड त्यात नाहीत, ते पासवर्ड मॅनेजरमध्ये आणि तो दोघांनाही उघडता येतो. दर महिन्याच्या पहिल्या गुरुवारी आम्ही कामं अदलाबदल करतो, तिने भरलेलं मी भरतो, माझं ती. सुरुवातीला वेळ जास्त लागला, चिडचिडही झाली, तरी हे सोडू नका, कारण नुसतं शेजारी बसून माहिती होत नाही, हाताने केलं की होते. जे एकटे राहतात त्यांनी भाऊ, बहीण, मैत्रीण, कुणालातरी निदान वही कुठे असते ते दाखवून ठेवा.

आई आता सत्तरीला आली, गेल्या वर्षीपासून दर गुरुवारी तीही बाबांबरोबर बसते, आणि यंदाचं पॉलिसीचं रिन्यूअल तिने एकटीने केलं.

आपला,
एक नियमित वाचक