वुडफर्ड चौकाला अर्धा दिवस द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेस्ट इंडीजच्या सहलीवर आपल्या पुरवणीत आलेल्या लेखात त्रिनिदाद-टोबॅगो या देशाच्या राजधानीतल्या, पोर्ट ऑफ स्पेनच्या वुडफर्ड चौकाची बोळवण ‘कारंजे असलेली बाग’ एवढ्यावरच झाली आहे. बेळगाव-खानापूरकडची मंडळी क्रिकेटच्या ओढीने तिकडे जातात, क्वीन्स पार्क ओव्हलवर फोटो काढतात आणि तिथून जेमतेम दोन किलोमीटरवरचा हा चौक न बघताच परततात. ओव्हलचे महत्त्व आहेच. 1971 मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमधला भारताचा पहिला कसोटी विजय तिथे मिळवला. 1976 मध्ये 403 धावांचे लक्ष्य गाठताना गावसकरांबरोबर आपल्या कर्नाटकच्या विश्वनाथांनी शतक ठोकले तेही तिथेच. पण त्रिनिदाद कळायचे असेल तर चौकात अर्धा दिवस काढायला हवा.

आधी दिशा लावून घ्याव्यात. पश्चिमेला ॲबरक्रॉम्बी रस्त्यापलीकडे रेड हाउस, म्हणजे तिथली संसद. उत्तरेला नॉक्स रस्त्यावर न्यायालयाची इमारत आणि सिटी हॉल. दक्षिणेला होली ट्रिनिटी हे अँग्लिकन कॅथेड्रल आणि पूर्वेला फ्रेडरिक रस्त्याची बाजारपेठ. कायदे करणारे, न्याय देणारे आणि नगराचा कारभार हाकणारे असे तिघेही चारचौघांच्या नजरेत बसलेले, आणि मधल्या झाडांच्या सावलीत बाकांवर सामान्य माणूस. आपल्या बेळगावात विधानसौध, म्हणजे विधिमंडळाची इमारत, हलग्याकडे हायवेला आणि आंदोलकांचे मंडप कोंडसकोपला. तिथे चौकात कुणी आवाज चढवला तर तो संसदेच्या खिडकीपर्यंत पोचतो.

पोचल्याचा पुरावाही आहे. 1903 साली पाण्याच्या वटहुकमावरून शहर खवळले होते. कायदेमंडळाच्या बैठकीला प्रेक्षकांनी तिकीट घेऊनच आत यावे असा सरकारचा हट्ट, त्यामुळे लोक आणखी बिथरले. 23 मार्चला चौकात जमलेल्या जमावाची दगडफेक सुरू झाली, रेड हाउस जळाले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि 16 जण मेले. बेळगावात राकसकोप-हिडकल धरणांच्या पाण्यासाठी घागरी घेऊन ताटकळणाऱ्याला ही गोष्ट वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. आज दिसते ती इमारत 1907 मध्ये पुन्हा उभी राहिलेली आहे. लाल रंग मात्र त्याआधीचा, 1897 मधला, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाला 60 वर्षे झाली तेव्हा जुन्या इमारतीला लावलेला. आत घुमटाखाली कारंजे आहे. ते नुसते शोभेचे नाही, हवा थंड ठेवण्याच्या जुन्या योजनेचा तो भाग आहे. वीजपंखे सर्रास होण्याआधीची ही युक्ती घुमटाखाली मान वर करून पाहिली तरच लक्षात येते.

चौकातले बिडाचे कारंजे वेगळे. मत्स्यकन्यांच्या मूर्तींचे हे काम 1866 मध्ये ग्रेगर टर्नबुल या व्यापाऱ्याने शहराला दिले. जवळच बँडस्टँड आहे. 1955 पासून डॉ. एरिक विल्यम्स याच चौकात इतिहास आणि राजकारणावर जाहीर व्याख्याने देत असत, म्हणून लोक चौकाला ‘युनिव्हर्सिटी ऑफ वुडफर्ड स्क्वेअर’ म्हणू लागले. पुढे 1962 मध्ये देश स्वतंत्र झाला तेव्हा हेच विल्यम्स पंतप्रधान झाले. 1990 मध्ये सशस्त्र बंडखोरांनी रेड हाउसमध्ये घुसून पंतप्रधान रॉबिन्सन यांच्यासह अनेकांना सहा दिवस ओलीस ठेवले, हाही याच जागेचा इतिहास. दुरुस्तीसाठी संसद काही वर्षे समुद्रकाठच्या इमारतीत गेली होती, ती 2020 मध्ये परतली. जुन्या माहितीपत्रकांवर विसंबणारे अजूनही समुद्रकाठी जाऊन चौकशी करतात.

जायचे ते सकाळी. हे शहर विषुववृत्तापासून अकरा अंशांच्या आत आहे, दुपारी बारानंतर फरशी तापते. संध्याकाळी कचेऱ्या सुटल्या की हा भाग ओस पडतो आणि अंधारात तिथे रेंगाळणे शहाणपणाचे नाही. सरकारी इमारतीत अर्धी चड्डी, बिनबाह्यांचा शर्ट आणि रबरी चप्पल चालत नाही. घाम येतो म्हणून तसे कपडे करून गेलेले दारातूनच परत फिरतात. जानेवारी ते मे कोरडा हंगाम, पण कार्निव्हलचे सोमवार-मंगळवार टाळा. त्या दोन दिवसांत कचेरीचे दार उघडे मिळणार नाही. टॅक्सीत बसण्याआधी नंबरप्लेट ‘एच’ अक्षराने सुरू होते ना ते पाहावे, भाड्याच्या गाडीची ती खूण आहे.

आता दोन गोष्टी खास आपल्या भागासाठी. त्या देशात लष्करी छापाचे कपडे सामान्य माणसाने घालणे हा गुन्हा आहे. टोपी, पाठपिशवी, लहान मुलाची चड्डीसुद्धा चालत नाही. बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, दुकानांमुळे अशा वस्तू आपल्या घरोघरी असतात आणि बॅग भरताना त्या सहज आत जातात. कस्टमवाले काढून घेतात, वर भुर्दंड वेगळा.

दुसरी गोष्ट पिवळ्या तापाच्या लसीची, जिचा आपल्या लेखातील चौकटीत उल्लेखच नाही. त्रिनिदाद बेट भारत सरकारच्या या रोगाच्या यादीत आहे, टोबॅगो नाही, आणि राजधानी त्रिनिदादवर आहे. लस केंद्र सरकारने मान्य केलेल्या केंद्रातच घ्यावी लागते. नेहमीच्या डॉक्टरांकडची चालत नाही. आपल्या जवळचे एक म्हणजे गोव्यात मुरगावचे बंदर आरोग्य कार्यालय. टोचल्यानंतर 10 दिवसांनी दाखला लागू होतो आणि मग तो जन्मभर चालतो. दाखला नसेल तर अडचण जाताना नव्हे, परतताना येते. मुंबई-दिल्लीला उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. दाखल्याची पिवळी पुस्तिका चेक-इनच्या बॅगेत टाकू नका, आरोग्य तपासणीचे टेबल सामानाच्या पट्ट्याआधी लागते.

व्हिसाबद्दलही थोडे. ‘वेस्ट इंडीजचा व्हिसा’ असा काही प्रकार नाही, प्रत्येक देशाचा नियम वेगळा. अमेरिकेमार्गे जाताना विमान बदलण्यापुरते उतरलात तरी अमेरिकेचा व्हिसा लागतो. तिकीट स्वस्त म्हणून आधी काढणारे नेमके इथे अडकतात.

लस आणि लष्करी छापाच्या कपड्यांबाबतची दुरुस्ती येत्या अंकात त्याच जागी चौकटीत छापावी, ही विनंती.

आपले,
सहल-व्यवसायातील काही वाचक,
टिळकवाडी, बेळगाव