स्प्लेंडरचं ऑइल: आधी पातळी बघ

नागपूर, १८ मे

प्रिय दिनेश,

ऑइल काळं झालंय म्हणून बदलू का, असं विचारलंस. रंगावर जाऊ नकोस. इंजिनातली काजळी धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे, त्यामुळे ते काळं होणारच. खरी भानगड पातळीची. तुझी स्प्लेंडर हवेवर थंड होते, आणि आपल्याकडच्या ४५ डिग्रीत बर्डीच्या बाजारातल्या गर्दीत रांगताना तिला वारा मिळतच नाही. अशा वेळी आत ऑइल कमी असेल तर इंजिनाच्या हेडचा वरचा भाग आधी खराब होतो.

गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लाव. साइड स्टँडवर पातळी चुकीची दिसते. दोन-तीन मिनिटं चालू ठेव, बंद कर, तेवढाच वेळ थांब. मग डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी मोजायची कांडी, काढून पूस आणि आटे न फिरवता नुसती टेकव. फिरवून बसवलीस तर ऑइल आहे त्यापेक्षा जास्त दिसेल. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. पातळी वाढलेली दिसली आणि पेट्रोलचा वास आला, तर खूश होऊ नकोस. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई गळते आणि पेट्रोल खाली उतरतं. दुधट ऑइल दिसलं तर आत पाणी गेलंय. दोन्हीत आधी दुरुस्ती, मग नवं ऑइल.

बदलताना इंजिन कोमट असू दे, चटका बसेल इतकं गरम नको. खाली घमेलं ठेव, डिपस्टिक सैल कर आणि १७ चा पाना लावून तळाचा बोल्ट काढ. धार थांबली की स्विच बंद ठेवून चार-पाच किक मार, अडकलेलं ऑइलही येतं. वॉशर नवा टाक, दहा-वीस रुपयांसाठी जुनाच वापरला की बोल्ट पाझरतो. बोल्ट आधी हातानेच बसव. तिरका लागला तर आटे जातात, आणि इंजिनचं कव्हर अॅल्युमिनियमचं आहे, म्हणून शेवटी पान्यावर लटकायचं नाही.

१०डब्ल्यू-३० ग्रेडचं ९०० मिली ऑइल पुरतं. डब्यावर जासो एमए किंवा एमए२, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक, लिहिलेलं पाहिजे. कारचं उरलेलं ऑइल फुकट मिळालं तरी नको. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांनी क्लच घसरतो, रेस वाढते पण गाडी ओढत नाही. गाडीच्या पुस्तकात ६००० किलोमीटरला बदल आणि ३००० ला टॉप-अप सांगितलाय, पण उन्हाळ्यात दर पंधरवड्याला डिपस्टिक बघच. वरच्या खुणेच्या वर भरू नकोस, जास्तीचं ऑइल ब्रीदरमधून, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून, एअर फिल्टरात जातं.

जुनं ऑइल त्याच डब्यात भरून गॅरेजवाल्याला दे, नालीत ओतलं की ते थेट नाग नदीत जातं. आणि बोल्ट घट्ट न होता फिरतच राहिला, तर टेफ्लॉन टेप गुंडाळायच्या भानगडीत पडू नकोस. लेथवाल्याकडे नेऊन आटे नवे करून घे.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
प्रकाश