जॅम रूमवाल्या दादांना, जरा उशिराचं थँक्यू

दादा, तुम्हाला तोंडावर थँक्यू म्हटलं की तुम्ही "अहो त्यात काय" म्हणून केबल गुंडाळायला लागता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय. आता पळून दाखवा.

तुमच्या जॅम रूमवर, म्हणजे वादक सरावाला येतात त्या खोलीवर, मी पहिल्यांदा आले तेव्हा जवळपास सगळं ठरवूनच आले होते. वय बेचाळीस, कॉलेजात असताना पथकात ताशा वाजवलेला, मग नोकरी, लग्न, पोरं, आणि आता हात शिवशिवायला लागले म्हणून ड्रम्स. राहायला तिसऱ्या मजल्यावर, टू बीएचके. एका दुकानदाराने मला छोटं अकूस्टिक, म्हणजे खऱ्या ड्रम्सचं, किट जवळजवळ गळ्यात मारलंच होतं, १६ इंची बेस ड्रम (पायाने वाजवायचा तो मोठा), "मॅडम हे खास फ्लॅटसाठीच असतं, आवाजाचं टेन्शनच नाही". टोकन द्यायचं तेवढं राहिलं होतं. तुम्ही चहा पीत पीत एवढंच विचारलंत, "ताशा केवढा असतो हो?" मी हाताने दाखवला. "आणि आवाज?" झालं, मी तिथेच गप्प.

मग तुम्ही सांगितलंत की ही छोटी किट्स वाईट अजिबात नाहीत, पण ती कशासाठी आहेत ते बघा. लुडविग कंपनीने क्वेस्टलव्ह या ड्रमरबरोबर केलेलं ब्रेकबीट्स, त्यात १६ इंची बेस ड्रम आणि १४ ची स्नेअर (खाली तारा असलेला, कडक वाजणारा ड्रम). यामाहाच्या स्टेज कस्टम हिपमध्ये बेस ड्रम २० इंची पण खोली फक्त ८ इंच. टॅक्सीत मावतात, कॅफेतल्या कोपऱ्यात बसतात. "हे जागा वाचवायला आहे, शेजाऱ्याचे कान वाचवायला नाही." आणि मग मोबाईलवरचं ते डेसिबलचं ॲप माझ्या कानाजवळ धरून स्नेअरवर एकच रिमशॉट मारलात, काडी पानावर आणि कडेवर एकदम. आकडा शंभरच्या वर. आपल्याकडे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहानंतर ४५ ची मर्यादा आहे हे मला तुमच्याकडूनच कळलं, पथकात असताना असले आकडे कोण बघतंय!

मला तरी हट्ट होताच, खऱ्या ड्रमवरच वाजवायचं. तर तुम्ही तोही पर्याय मांडून दाखवलात, नुसतं नाही म्हणून मोकळे झाला नाहीत. जाळीची पानं (ज्यावर काडी मारायची तो पडदा) चढवलेली स्नेअर आणि त्या झिल्डजियनच्या एल८० झांजा, भोकंच भोकं पाडलेल्या, बुंदीच्या झाऱ्यासारख्या दिसतात. छान वाजल्या, खरंच हळू वाजल्या. मी खूष. पण तुम्ही म्हणालात थांबा, मिरवणूक लांब असते तेव्हा आधी काय ऐकू येतं, ढोल का ताशा? ढोल, अर्थात, ताशा चौकात आल्यावर कळतो. "मग तुमच्या भिंती पण तेच करणार. ताशा अडवतील, ढोल सोडतील." म्हणजे बेस ड्रमचा दणका भिंतीतून जाणारच. पंचवीस वर्षं मिरवणुका ऐकतेय मी, पण हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

शेवटी इलेक्ट्रॉनिक घ्यायचं ठरलं, ज्याचा आवाज हेडफोनमध्ये येतो ते, जाळीच्या पॅडवालं. रबरी पॅड स्वस्त पडत होते पण तुम्ही दोन्हीवर काड्या मारून दाखवल्यात, रबराची टक् टक् शेजारच्या खोलीत स्पष्ट जाते आणि मनगटाला पण झटका बसतो. जाळीचं पान रोलँड कंपनीने १९९७ साली रेमो कंपनीबरोबर मिळून टीडी-१० या इलेक्ट्रॉनिक किटमध्ये आणलं ही माहिती नवऱ्याला सांगितल्यावर तो म्हणाला, तू किट घेतेयस का परीक्षा देतेयस. घेतलं ते अलेसिसचं नायट्रो मेश, आठ इंची चार पॅड, तीन झांजा, बेस ड्रमच्या जागी पेडलने वाजवायचा किकचा टॉवर, तेही सेकंडहँड, ज्यांच्या मुलाने तीन महिने वाजवून सोडून दिलेलं. ही आयडिया पण तुमचीच, की अशा सोडून दिलेल्या किट्स बघा म्हणून.

आणि घ्यायच्या आधी तो पेपरचा प्रकार! बेडरूमच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रं पसरून त्यावर स्टूल ठेवायचं, हातात लाटणी घेऊन हवेत वाजवायचं आणि मग कपाट उघडून बघायचं. कपाटाचं दार उघडेना. म्हणजे किट येऊन लागल्यावर हे कळलं असतं तर माझ्या साड्या थेट दिवाळीलाच बाहेर आल्या असत्या. पेपर दीड फूट सरकवला आणि प्रश्न सुटला.

पण खरं थँक्यू आहे ते पुढच्यासाठी.

किट आलं, हेडफोन लावून मी मस्त तासभर वाजवलं, मला वाटलं सुटलो. दुसऱ्या दिवशी खालच्या आजी जिन्यात भेटल्या, अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अगं, तुमच्याकडे वर फरशीचं काम काढलंय का?" मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुम्हाला फोन केला तर तुम्ही हसलात आणि म्हणालात की हेडफोन तुमच्या कानाला आहे, स्लॅबला नाही. पेडल म्हणजे पायाने मारायचा हातोडाच, तो दणका टॉवरमधून थेट जमिनीत.

मग ते टेनिस बॉलचं स्टेज. टिंबर मार्केटमधून अठरा एमएमचे दोन प्लाय, पाच बाय चारचे, खालच्याला गोल भोकं पाडून त्यात चोवीस बॉल अर्धवट बसवलेले, वर दुसरा प्लाय, वर जुनी सतरंजी. मी शहाणपणा करून पोरांचे क्रिकेटचे जड बॉल आणले होते ते तुम्ही परत पाठवलेत, "हे दगड आहेत, दबणारच नाहीत", आणि टेनिस कोर्टावरून वापरलेले बॉल स्वतः पिशवी भरून घेऊन आलात. रविवारी सकाळी. स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी.

सगळं लावलं आणि तुम्ही मला खाली पाठवलंत. "तुम्ही ऐका, मी वाजवतो." मी आजींच्या दिवाणावर बसलेय, आजोबा पेपर आडवा धरून बसलेत, आजींनी चहा टाकलाय, मोबाईल कानाला, आणि वरून अजूनही धप्, धप्, धप्. कमी झालं होतं पण होतं. मला रडूच यायचं बाकी होतं, एवढा खटाटोप, आता या माणसाला काय सांगायचं. सांगितलं. तुम्ही म्हणालात एक मिनिट. नंतर कळलं की तुम्ही चक्क पालथे पडून प्लायच्या कडेने बोटं फिरवत होतात. मागचा एक कोपरा भिंतीच्या स्कर्टिंगला टेकला होता, जेमतेम सुपारीएवढा, आणि सगळा दणका तिथून भिंतीत आणि भिंतीतून खाली. स्टेज दोन इंच पुढे ओढलंत, परत वाजवलंत. मी ऐकतेय, ऐकतेय, मग फोनवर विचारलं, "सुरू करताय ना?" तुम्ही म्हणालात, "केव्हाचा वाजवतोय." आजोबांनी पेपर खाली घेतला आणि म्हणाले, आता फक्त फ्रिज ऐकू येतोय.

आता मी अकरा ते एक नाहीतर संध्याकाळी वाजवते. एक ते चार मात्र नाही, कोथरूडात राहून एवढी रिस्क कोण घेईल. घरच्यांना नुसती टपटप ऐकू येते, सासूबाई म्हणतात कोणीतरी सतत लसूण ठेचतंय असं वाटतं. हायहॅटचा (पायाने उघडझाप करायच्या झांजांचा) डावा पाय अजून हट्टीच आहे, ताशावाल्याला कुठे पाय वापरायची सवय असते.

दादा, त्या दिवशी पैसे विचारले तर तुम्ही घेतले नाहीत, निदान जेवायला या. आणि स्नेअरची जाळी ताणायला काढलेली तुमची ड्रम की इथेच राहिलीये, फ्रिजवर ठेवलीये, तेवढी न्यायला तरी या. आजींनी पण विचारलंय, तो पालथा पडणारा मुलगा परत कधी येणार म्हणून.