पत्र कापा, त्यातलं कारण कापू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी निपाणीत काही तरुण मुलामुलींनी एका घराच्या माडीवर चादर बांधून ‘द लाइफ ऑफ एमिल झोला’ हा १९३७ सालचा सिनेमा दाखवला. आम्ही पंचवीस-तीस जण होतो. इंग्रजी संवाद भराभर जात होते, म्हणून कॉलेजातली एक मुलगी मध्ये मध्ये सिनेमा थांबवून मराठीत सांगत होती. फार नीट सांगत होती. शेवटी दोघांची भाषणं झाली, सत्याचा विजय होतोच असं दोघंही म्हणाले, चहा झाला आणि आम्ही पांगलो. मला त्या रात्री झोप लागली नाही. तिथं उठून बोलायला जमलं नाही, म्हणून हे पत्र.

मी साहित्यिक नाही. निपाणी वेगळा तालुका व्हायच्या आधी आमची कचेरी चिक्कोडीला होती. तिच्या आवाराबाहेर बसून मी ३२ वर्षं लोकांचे अर्ज लिहून दिले. सकाळची बस धरायची, झाडाखाली टेबल मांडायचं, कार्बन आणि स्टॅम्पपॅड काढायचं. माणूस मराठीत सांगणार, अर्ज कन्नडमध्ये लिहायचा आणि अंगठा घ्यायच्या आधी तो पुन्हा मराठीत वाचून दाखवायचा, असं ते काम. त्यामुळं कागदावर काय उतरतं आणि मधल्या मध्ये काय गळतं, तेवढं मला कळतं. सिनेमाही मी त्याच नजरेनं पाहिला.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. आल्फ्रेड ड्रेफस हा फ्रेंच सैन्यातला कॅप्टन. जर्मनांना गुपितं पुरवल्याचा आळ घेऊन १८९४ मध्ये त्याला पकडलं आणि जन्मठेप दिली. जानेवारी १८९५ मध्ये चारचौघांत त्याच्या गणवेशावरची चिन्हं उपटली, तलवार मोडली आणि त्याला दक्षिण अमेरिकेजवळच्या डेव्हिल्स आयलंड या कैद्यांच्या बेटावर नेऊन टाकलं. पुढं कर्नल पिकार या अधिकाऱ्याच्या ध्यानात आलं, की ज्या चिठ्ठीवरून ड्रेफसला गुंतवलं ती एस्तरहाझी नावाच्या दुसऱ्याच अधिकाऱ्याच्या हातची आहे. झालं काय, तर पिकारलाच दूर धाडलं आणि एस्तरहाझी ११ जानेवारी १८९८ ला निर्दोष सुटला. दोन दिवसांनी, १३ तारखेला, एमिल झोला या फ्रेंच कादंबरीकारानं ‘लोरोर’ या दैनिकात राष्ट्राध्यक्ष फेलिक्स फॉर यांच्या नावे उघडं पत्र छापलं. ‘मी आरोप करतो’ हा त्याचा मथळा त्याच दैनिकातल्या क्लेमान्सोनं दिलेला. (घरी येऊन तारखा जुळवल्या तेव्हा दिसलं, की त्याच जानेवारीत टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात होते.)

त्या पत्रातली एक गोष्ट अर्ज लिहिणाऱ्या माणसाला फार लागते. शेवटी शेवटी झोला लिहितो, की हे आरोप करताना मी २९ जुलै १८८१ च्या वृत्तपत्र कायद्याच्या ३० आणि ३१ या कलमांत सापडतो हे मला माहीत आहे आणि मी ते जाणूनबुजून ओढवून घेतोय. म्हणजे स्वतःवर खटला कुठल्या कलमाखाली भरायचा तेही त्यानंच लिहून दिलं. माझ्या आयुष्यात हजारो लोक आले, प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘लिहा, पण मी अडकणार नाही असं लिहा.’ त्यात त्यांची चूक नव्हती. पण त्यामुळंच या ओळीची किंमत मला ठाऊक आहे.

सरकारनं काय केलं पाहा. एवढ्या लांब पत्रातला एवढासाच तुकडा उचलला, एस्तरहाझीला वरच्या हुकमावरून सोडलं असं जिथं म्हटलंय तेवढा, आणि खटला फक्त त्यावर चालवला. ड्रेफसचा विषयच निघू नये म्हणून. बचावाचा वकील ड्रेफसकडं वळला की न्यायाधीश सांगायचे, हा प्रश्न विचारता येणार नाही. झोलाला एक वर्ष कैद आणि तीन हजार फ्रँक दंड झाला.

आता सिनेमाचं सांगतो. ड्रेफसवरच आळ का आला? तो ज्यू होता म्हणून. सैन्यात आणि वर्तमानपत्रांत ज्यूंविषयी जो द्वेष होता, त्यानं पुराव्याची गरजच ठेवली नाही. आणि जवळजवळ दोन तासांच्या या सिनेमात ‘ज्यू’ हा शब्द कुणीही तोंडानं उच्चारत नाही. अधिकाऱ्यांच्या यादीवरून बोट फिरतं, एका नावावर थांबतं, नावापुढं धर्माच्या रकान्यात तो शब्द लिहिलेला क्षणभर दिसतो. बस्स. आमच्या त्या मुलीनं सगळं सांगितलं, पण हे तिच्याही नजरेतून सुटलं. तिला बोल नाही, पापणी लवली की जातंच ते. झोलाचं काम करणारा पॉल म्युनी स्वतः ज्यू घरात जन्मलेला, ड्रेफसचं काम करणारा जोसेफ शिल्डक्राउटही तसाच. जर्मनीत तेव्हा हिटलर सत्तेवर होता. हा शब्द मोठ्यानं म्हणायची तेव्हाइतकी गरज कधी असेल? सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, शिल्डक्राउटलाही मिळालं. मान त्यांचा मोठाच आहे. म्युनी ते पत्र वाचतो तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे मी लपवत नाही. तरी तो शब्द नाही.

माझी झोप उडाली ती इथं. कारण मी हेच केलं होतं.

१९८४ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. जवळच्याच एका गावची म्हातारी आली. विड्या वळणारी, बोटांची टोकं तंबाखूनं पिवळी पडलेली. तिचा सासरा १९२५ साली निपाणीच्या परिषदेत बाबासाहेबांना ऐकून आला होता, हे तिनं बसता बसता सांगितलं. गावात नळयोजना आली होती, तोट्या बसल्या होत्या, पण तिच्या वस्तीकडं पाइप वळलाच नाही. वरच्या गल्लीच्या तोटीवर या बायांनी घागर लावली तर तोटी धुऊन घ्यायचे आणि नंतर लावूच द्यायचे नाहीत. तिनं सगळं सांगितलं. मी वरच्या गल्लीतल्या जातीचा. गावातली माणसं माझ्या ओळखीची. मी लिहिलं, ‘आमच्या वस्तीत पाण्याची टंचाई असून गैरसोय होत आहे, तरी नळजोडणी मिळावी.’ वाचून दाखवतानाही मोघम वाचलं. तिनं अंगठा दिला, शाई केसांना पुसली आणि गेली.

दीड महिन्यानं उत्तर आलं. गावात नळयोजना चालू असून पाण्याची टंचाई नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. उत्तरात एक शब्द खोटा नव्हता. गावात टंचाई नव्हतीच.

ती तो कागद घडी करून कमरेच्या पिशवीत घालून परत आली. म्हणाली, “मास्तर, म्या दिलेला अर्ज वाचा बगू. सबूद न सबूद वाचा.” माझ्याकडं कार्बनची प्रत होती. मी वाचलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, “पानी न्हाई, ह्ये आलं. का न्हाई, त्ये कुटं आलं वो?”

मी खाली बघत बसलो. ती उठली नाही. मग मी नवा कागद घेतला. तोटी कोण धुतं, कुठल्या वारी काय झालं, ते तिच्या तोंडून आलं तसं लिहिलं आणि १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं नावही घातलं. या वेळी ते निकाली काढता आलं नाही, चौकशीला माणसं आली. गावात तोंडं फिरली, तिच्या मुलाला दोन हंगाम कुणी कामाला बोलावलं नाही, माझ्याकडचे काही लोक दुसऱ्या टेबलाकडं वळले. पाइप पडायला दोन वर्षं गेली. पण पडला.

‘सत्याचा विजय’ म्हणणाऱ्यांसाठी एवढंच, की ड्रेफसला १८९९ मध्ये पुन्हा दोषी ठरवलं, मग माफी दिली आणि निर्दोष म्हणून जाहीर केलं ते १९०६ मध्ये. झोला १९०२ मध्येच, बंद खोलीत शेगडीच्या धुरानं गुदमरून गेला. सिनेमात तो ड्रेफसच्या सन्मानाच्या आदल्या रात्री जातो, प्रत्यक्षात त्याला तो दिवस चार वर्षांनी हुकला.

थंडीत बेळगावजवळ कडोली, येळ्ळूर, उचगाव इथं साहित्य संमेलनं भरतात. तिथं हा सिनेमा दाखवावा अशी माझी मनापासून विनंती आहे. आमच्या त्या मुलीलाच बोलवा. फक्त यादीवरून बोट फिरतं तिथं तिनं सिनेमा थांबवावा, त्या रकान्यात काय लिहिलंय ते मोठ्यानं वाचावं आणि मगच पुढं जावं.

दुसरी विनंती आपल्याला. वाचकांच्या पत्रांना जागा कमी असते, पत्रं कापावी लागतात, हे मी समजतो. पण रस्ता नाही, रेशन मिळत नाही, मुलीला शाळेत मागं बसवतात, अशी पत्रं येतात तेव्हा बहुतेक वेळा ‘का’ एवढंच गळतं आणि तक्रार तेवढी छापून येते. मग तिला उत्तरही तसंच येतं. माझं हे पत्र लांबलंय. कात्री लावायची झाली तर माझ्या ३२ वर्षांचं काढा, टिळकांचं काढा, ऑस्करचं काढा. त्या म्हातारीचं वाक्य तिच्या बोलीत आहे तसंच राहू द्या.

आपला नम्र,
एक निवृत्त अर्जलेखक
निपाणी, जि. बेळगाव