सतरा नंबर, आभार मानतोय, ऐकून घे

प्रिय सतरा नंबर,

नाव लिहिलं तर फोन करून शिव्या घालशील, म्हणून खोलीचा नंबरच लिहितो. तसंही चाळीत आपल्याला नावाने हाक कुणी मारली? मी अकरा, तू सतरा, आणि जिन्याखालच्या खोलीतला तो कायम नाक वाहणारा पोरगा ‘झीरो’, कारण त्यांच्या दारावर नंबरच नव्हता. त्या रात्री आभार मानायला तोंड उघडलं तर "चल निघ, काकांना झोप आलीय" म्हणत तू टॅक्सीचं दार लावलंस. म्हणून आता चारचौघांत मानतो. कुठे पळशील?

वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. माझ्या वडिलांनी ऐंशी ओलांडली आहे आणि अलीकडे त्यांना मधूनच जुने दिवस आजचे वाटतात. गेल्या महिन्यात एका दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून, रिकामा डबा पिशवीत टाकून ते डोंबिवलीच्या घरातून निघाले, स्लो लोकलने करी रोडला उतरले आणि दुसऱ्या पाळीसाठी गिरणीच्या गेटवर जाऊन उभे राहिले. गिरणी कधीचीच बंद पडलीय. त्या जागी आता टॉवर आहे, वर बघताना टोपी पडेल इतका उंच. हे सगळं आम्हाला रात्री कळलं, तेही तुझ्यामुळे. तोवर आम्ही डोंबिवलीतली देवळं, बागा आणि दवाखाने पालथे घालत होतो.

त्या संध्याकाळी भेटलेल्या इतर माणसांबद्दल काही लिहू नकोस, असं बायकोचं म्हणणं आहे. थोडं लिहितोच. आमच्या सोसायटीत कॅमेरे आहेत, पण त्यातलं चित्रण बघायला लेखी अर्ज हवा आणि सेक्रेटरी दुसऱ्या दिवशी येणार होते. चौकीत आधी हद्दीचा प्रश्न निघाला. माणूस घरातून गेला म्हणजे हद्द इथली, पण गाडीत बसला असेल तर रेल्वेची. नातेवाइकांच्या ग्रुपवर बाबांचा फोटो टाकला, त्यावर पाऊस पडावा तसे जोडलेले हात आले. एका काकांनी तर लिहिलं, "म्हाताऱ्या माणसाला एकटं सोडलंच कसं?" हे काका करी रोडला लागूनच असलेल्या लालबागपासून चालत दहा मिनिटांवर राहतात. खाली उतरून बघून यावं, हे त्यांना सुचलं नाही. सुचलं ते तुला, आणि तुला तर कुणी फोटोही पाठवला नव्हता. तू मसाला कुटायच्या डंखावरचं काम आटपून घरी चालला होतास आणि पाठमोऱ्या माणसाची चाल तू ओळखलीस.

माझा नंबर तू कुणाकुणाला फोन करून मिळवलास, ती हकिगत तू सांगितलीस तेव्हा मी हसलो, पण ती इथे नको. मला लिहायचंय ते वेगळंच आहे.

मी टॅक्सीतून उतरलो तेव्हा तुम्ही दोघं भारतमाता सिनेमाच्या अलीकडे एका बंद दुकानापाशी होतात. बाबा पायरीवर. तू त्यांच्या शेजारी नव्हतास, समोर रस्त्याच्या कडेला उकिडवा बसला होतास. तोंड दिव्याच्या खांबाकडे केलेलं. आणि तू आवाज न काढता बोलत होतास. नुसते ओठ हलत होते, सावकाश, आणि हाताची बोटं. बाबा उत्तरं देत होते ती मात्र त्यांच्या नेहमीच्या खणखणीत आवाजात, "हो, हो, बदलीवाला आला ना?" (बदलीवाला म्हणजे गैरहजर कामगाराच्या जागी येणारा) आणि तू बिनआवाजाचं काहीतरी सांगितल्यावर खळखळून हसले. येणारेजाणारे वळून बघत होते.

ज्यांना साचेखाता, म्हणजे गिरणीतलं कापड विणायचं खातं, माहीत नाही, त्यांना यात काय विशेष आहे ते कळायचं नाही. एका शेडमध्ये शेकडो साचे, म्हणजे माग, एकदम चालू, प्रत्येकावर आडवा धागा नेणारा धोटा इकडून तिकडे आपटतोय. शेजारच्या माणसाने कानाशी येऊन बोंब मारली तरी ऐकू येत नसे. तिथे माणसं ओठ वाचायला शिकत, बोटांनी बोलत, आणि काही वर्षांत कान बसले की बाहेरही तसंच ऐकत, म्हणजे डोळ्यांनी. बाबांना कानाचं यंत्र घेऊन दिलंय. ते कपाटात असतं, कारण त्यात "कावळे ओरडतात". गर्दीत त्यांना कुणी ओरडून विचारलं की त्यांना एवढंच दिसतं की हा माणूस आपल्यावर डाफरतोय. मग ते गप्प होतात, मान खाली घालतात. मान खाली गेली की ओठ दिसत नाहीत. ओठ दिसले नाहीत की संपलं.

त्या दिवशी टॉवरच्या गेटवरच्या माणसापासून स्टेशनवरच्या माणसापर्यंत सगळे त्यांच्या कानाशी जाऊन ओरडले असणार. वाईट हेतूने नव्हे. ‘आजोबाऽऽ, कुठे जायचंयऽऽ?’ असं आपण सगळेच ओरडतो. आमच्या घरातली पोरंसुद्धा. त्या अख्ख्या दिवसात त्यांच्या समोर येऊन, खाली बसून, आपलं तोंड उजेडात धरणारा माणूस तू एकटा होतास.

आणि हे तुला कुणी शिकवावं लागलं नाही, कारण आपण ते दहाव्या वर्षाच्या आधीच शिकलो होतो. आपल्या माळ्यावर निम्मे बाप साचेवाले. पतंगाला दहा पैसे हवे असतील तर मागून हाका मारायच्या नाहीत, पुढून जायचं, गॅलरीच्या उजेडात उभं राहायचं, आणि ‘पै’ म्हणताना ओठ नीट मिटायचे. आईला ऐकू जाऊ द्यायचं नसेल तर त्याहून सोयीचं काही नव्हतं. पुढे आपण त्याचा धंदाच केला. डबा ऐसपैस खेळताना चौकाच्या या गॅलरीतून त्या गॅलरीत बातमी जायची, ज्याच्यावर राज्य तो मधोमध उभा, त्याला पत्ता नाही. ‘झीरो’ला आपण हे मुद्दाम शिकवलं नाही, बिचारा दर वेळी राज्य घ्यायचा. सहामाहीला इतिहासाच्या पेपरात मी तुला ओठांवर पानिपतचं साल सांगितलं, तू १७६७ लिहून आलास. आपले मराठे सहा वर्षं उशिरा हरले. बाईंनी पेपर वर्गात वाचून दाखवला, तेव्हासुद्धा तू माझ्याकडे बघून बिनआवाजाची एक शिवी दिलीस. ती मात्र मला अचूक वाचता आली.

फुटका धोटा आठवतो? बाबांनी जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, विचारून आणलेला, दोन्ही टोकांना लोखंडी टोपणं. पावसात हिंदमाता चौकात पाणी भरलं की आपली ती होडी. कुणाची तरी चप्पल पकडायला तू गेलास आणि होडी गटाराकडे गेली. पुढचे काही दिवस आपण बोलत नव्हतो, म्हणजे आवाज काढून बोलत नव्हतो.

चाळीबद्दल हल्ली फार गोडगोड लिहितात. नळावर घागरींनी डोकी फुटायची, ते कुणी लिहीत नाही. दुपारी कुणी झोपलं असेल आणि चेंडू दारावर लागला की तो चिरूनच परत यायचा, कारण आत रातपाळीवाला झोपलेला. सगळी माणसं काही देवमाणसं नव्हती. संपात तर काही जणांची असली रूपं दिसली की अजून त्यांच्याकडच्या लग्नाला जावंसं वाटत नाही.

१८ जानेवारी १९८२. कामगार पुढारी डॉक्टर दत्ता सामंतांच्या हाकेवर गिरण्यांतली जवळजवळ अडीच लाख माणसं बाहेर आली आणि संप मागे घेतला असं कुणी शेवटपर्यंत जाहीर केलं नाही. आपल्याला आधी मजाच वाटली, बाप घरी, भोंगा वाजून कुणी पळत नाही. मग एकेका खोलीतून माणसं गावी जायला लागली. तुझ्या आईची खाणावळ होती, जेवणारी माणसंच उरली नाहीत. तरीही संध्याकाळी तू आमच्या दारात झाकलेलं ताट घेऊन यायचास आणि पाठ केलेलं वाक्य म्हणायचास, "आईचं आज जास्त झालं." खाणावळ बंद पडलेल्या घरात जास्त काय होणार, हे आपल्या दोघांनाही कळत होतं. पण तू दर वेळी तेच म्हणालास, आणि माझी आई दर वेळी "हो का" म्हणाली.

पुढे बाबांना बदलीवर घेतलं, तुझ्या वडिलांना घेतलं नाही. तू कणकवलीला गेलास, परत आलास तो शाळेत नाही, थेट मसाल्याच्या डंखावर. मी कॉलेजात, तू मिरच्यांत. यावर तू कधी चकार शब्द काढला नाहीस. डंखाच्या धडधडाटात उभं राहून तूही गिऱ्हाइकांशी ओठांनीच बोलतोस, हे मला त्या रात्री पहिल्यांदा दिसलं. तुझ्या शर्टाला मिरचीचा वास होता, बाबांना दोन-तीन सटासट शिंका आल्या, आणि ते म्हणाले, "सतरा नंबरचा ना तू?" माझं नाव त्यांना कधीकधी आठवत नाही, बरं का.

आता कुणी म्हणेल, चार वाक्यं बोलला, त्यात काय एवढं? एवढंच. मदत करणारे पुष्कळ असतात, पण बरेच जण मदत स्वतःच्या सोयीने करतात. पाकीट देतात, फोटो पुढे पाठवतात, सल्ला तर फुकटच असतो. समोरच्याला कुठल्या उजेडात, किती अंतरावरून नीट दिसेल याचा विचार करून रस्त्यावर उकिडवा बसणारा विरळा. आणि तू विचारही केला नसशील. गुडघा दुखत होता तुझा, उठताना खांब धरलास, तेही मी पाहिलं.

बाबा नंतर घरी येईपर्यंत गप्प होते. झोपण्याआधी शर्टाची घडी घालताना एवढंच म्हणाले, "पाळी बरी गेली आज." दुसऱ्या दिवसापासून पोरांना मी ओठांचं बोलणं शिकवायला घेतलंय. धाकटीला जमतंय. थोरल्याला मोबाइलमधून तोंड वर काढावं लागतं, तिथेच घोडं अडलंय.

मे महिन्यात तुला मान वर करायलाही फुरसत नसते हे माहीत आहे, म्हणून पहिला पाऊस झाला की बाबांना घेऊन येतो. आई सांगायची तसा मालवणी मसाला दोन किलो काढून ठेव, मिरची शंकेश्वरी आणि बेडगी, तिरफळं जरा जास्त. पैसे घेणार असलास तरच. "आईचं आज जास्त झालं" असलं काही मला सांगू नकोस, तुझं साल चुकलं होतं तसं माझं हिशेबात चुकत नाही.

तुझा,
अकरा नंबर