पाण्याकडे पाठ करू नको

गिरणाकाठ, ता. भडगाव
माघ पौर्णिमा

प्रिय दोस्ता,

कसा शेस? बदलीच्या यादीचं काय झालं ते आधी कळव. वहिनी आणि पोरं धुळ्याला, तू रत्नागिरीत, हे अजून किती वर्षं चालायचं? यंदा आंतरजिल्हा बदली झाली तर सोन्याहून पिवळं. नाहीच झाली तर निदान तुझ्या हातून अशा आणखी दोन-चार गोष्टी लिहून होतील, एवढा माझा स्वार्थ.

ओहोटीत खडकांवर कालवं काढणाऱ्या आजीची आणि तिच्या नातीची तुझी गोष्ट मिळाली. शिंपल्यांचा डबाही धड पोचला. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी आमची चौथी-पाचवीची पोरं हीच गोष्ट गावासमोर वाचणार, हे पक्कं केलंय. पाठांतर नाही, नाटुकलं नाही. हातात कागद धरून सरळ वाचन. आमच्या शाळा समितीतल्या एकाला हे काही पटलेलं नाही. ‘नुसतं वाचणं म्हणजे काय कार्यक्रम झाला का गुरुजी, एखादा डान्स तरी ठेवा,’ म्हणाले. डान्सही ठेवलाय. वाचनानंतर.

आता खरी गोष्ट. आपल्याकडचा वाचनाचा सूर तुला माहीत आहेच, आपण दोघंही त्याच सुरात शिकलो. ‘आजीनेऽ टोपली घेतलीऽ आणि ती खडकाकडेऽ निघालीऽ.’ या सुराला मी पूर्वी आळस समजायचो नाही की अडाणीपणा, पण तो येतो कुठून हे नीट पाहिलं नव्हतं. यंदा पोरांच्या डोळ्यांकडे बघत बसलो. डोळा ज्या शब्दावर, तोंडही त्याच शब्दावर. पुढचा शब्द सापडेपर्यंत मागच्याची शेपटी सोडायची नाही, म्हणून ते हेल. त्यात वरून घड्याळ! निपुण भारत हे वाचन-गणिताचा पाया पक्का करायचं सरकारी अभियान २०२१ साली आलं तेव्हापासून तिसरीच्या पोरानं मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य आहे. लक्ष्यात ‘समजून’ हा शब्द आहे, पण घड्याळाला समजणं मोजता येत नाही. मोजायला बसलं की पोरं पळत सुटतात आणि पूर्णविराम उड्या मारून ओलांडतात.

त्यावर माझा उपाय अगदी साधा. वाक्य आधी मनात वाचायचं, मग मान वर करायची आणि समोरच्याकडे बघून ते बोलायचं. कागदात बघून बोलायचं नाही. पहिल्यांदा पोरं अर्ध्यातच अडकतात, खाली बघतात, हसतात. हरकत नाही. ज्यांना अख्खं वाक्य पेलत नाही त्यांनी पेन्सिलीनं तिरप्या रेघा मारायच्या: ‘पाणी ओसरलं तशी / काळ्या खडकांची रांग / हळूहळू वर आली.’ एका रेघेपर्यंत एक घास. रेघ कुठं मारायची यावरून मात्र वर्गात भांडणं झाली, आणि ती भांडणं मला फार आवडली. ‘काळ्या’ला ‘खडकां’पासून तोडणाऱ्या पोराला दुसऱ्यानं विचारलं, ‘काळ्या काय? म्हैस?’ व्याकरणाचा सबंध तास एका प्रश्नात उरकला.

हेल गेला की वाचन सपाट होतं. बातम्या दिल्यासारखं. इथं बहुतेक जण पोरांना सांगतात, ‘जरा भाव आण.’ भाव काय बाजारातून आणायचा? ज्या पोरानं समुद्र सोड, वाघूरच्या धरणापलीकडे पाणी पाहिलेलं नाही, त्यानं ओहोटीबद्दल आवाजात काय आणायचं? म्हणून चार दिवस कागद बाजूला ठेवला आणि तुझा डबा उघडला.

कालवाचं ते वरचं झाकण पोरांच्या हातोहात फिरलं. बाहेरून राखाडी, पापुद्र्यावर पापुद्रे चढलेलं, एखाद्या जुन्या भिंतीच्या पोपड्यासारखं. आतून गुळगुळीत, पांढरं आणि कालव जिथं धरून बसतं तिथं तो काळसर-जांभळा डाग. एकानं आधी चाटून बघितलं आणि ‘खारं नाय लागत’ म्हणून तक्रार केली. मी सांगितलं की दुसरं झाकण तिकडं खडकालाच राहिलं, ते निघत नाही. आजी टोकदार लोखंडानं वरचं झाकण उडवते आणि आतलं मांस त्याच्या खाऱ्या पाण्यासकट काढते. तेवढ्यात कडेवरून बोट फिरवणाऱ्या एका पोरीच्या बोटाला चरा गेला. रक्त टिपूसभर, पण सगळा वर्ग गप्प. त्यानंतर ‘जपून पाय टाक’ हे तुझ्या गोष्टीतलं वाक्य कुणालाच शिकवावं लागलं नाही. ज्या खडकावर अशा हजार कडा वर तोंड करून बसल्यात, तिथं अनवाणी पोरीला तिची आजी ‘जपून’ कसं म्हणेल, ते पोरांना त्या चऱ्यानं सांगितलं.

भरती-ओहोटी समजावणं मला अवघड जाईल वाटलं होतं. पण गिरणा मदतीला आली. धरणातून आवर्तन सुटतं तेव्हा आमचं कोरडं पात्र कसं भरतं ते इथलं शेंबडं पोरही सांगेल. आधी काडीकचऱ्याची, फेसाची एक जीभ येते. आवाज नाही. मधल्या उंचवट्यावर उभं असलं तर पायाखाली कोरडंच, आणि पाणी काठाकडच्या खोलगटातून आधीच पुढे गेलेलं असतं. मागं वळून बघितलं तर परतीची वाट भिजलेली. म्हणून तर आवर्तन सुटलं की पात्रात जाऊ नका, गुरं सोडू नका असं भोंग्यावरून सांगतात. मी म्हटलं, तुमच्या या आजीच्या खडकांवरही अस्संच. समोरची लाट दिसते, तिचं भय नाही. खडक आणि किनारा यांच्यामधल्या घळी आधी भरतात. एका पाचवीतल्या पोरीनं विचारलं, ‘पन गुरुजी, रोज दोनदा आवर्तन कोन सोडस?’

मग चंद्र आला. तू मागे सांगितलेलं तिथीचं गणित फळ्यावर मांडलं: पुनव-अवसेला तुमच्याकडे भरती अकरा-बाराच्या सुमारास, म्हणजे ओहोटी सकाळ-संध्याकाळ पाच-सहाच्या आसपास, रोज ती साधारण पाऊण तास पुढे सरकते. या दिवसांत उधाण, म्हणून पाणी जितकं आत येतं तितकंच लांब मागे जातं आणि एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. अष्टमीच्या सुमाराला भांग, पाणी फार येतही नाही, जातही नाही. पोरांनी लगेच गोष्टीतली तिथी तपासली. तू ‘पुनवेनंतरची दुसरी सकाळ’ लिहिलंयस, तेव्हा ओहोटी सातनंतर, म्हणजे आजी उजाडताना निघते ते बरोबर, असा निवाडा झाला. पास झालास.

आता ते वाक्य, ज्याच्यावर आमचा अख्खा आठवडा गेला. ‘पाण्याकडे पाठ करू नको.’ चार शब्दांचं वाक्य, उद्गारचिन्ह नाही, काही नाही. पहिल्या पोरानं ते दटावून वाचलं, ‘नको’वर हातोडा मारून. दुसऱ्यानं सांगितल्यासारखं, रोज सांगतात तसं, ‘पाठ’वर जरा टेकून. तिसरी पोरगी थांबली, ‘पाण्याकडे’ असं इतकं हलकं म्हणाली की मागच्या बाकावरच्यांनी मान पुढे केली. मी कुठलं बरोबर ते सांगितलं नाही. विचारलं एवढंच: आजी किती लांब आहे? नात शेजारी असेल तर एवढं ओरडेल का? वारा कुठल्या बाजूनं आहे? हे वाक्य ती पहिल्यांदा बोलतेय की शंभराव्यांदा? मग पोरंच म्हणाली की गोष्टीच्या सुरुवातीला ते दुसऱ्यासारखं वाचायचं आणि शेवटी पाणी फिरतं तेव्हा पहिल्यासारखं. वाक्य तेच, तू दोनदा लिहिलंयस. आम्ही ते दोन वाक्यं म्हणून वाचतो. अंतराचा प्रश्न तर मी आता प्रत्येक संवादाला विचारतो. मैदानाच्या एका टोकाला आजी, दुसऱ्या टोकाला नात, अशी दोघींना उभं करून वाचायला लावलं. त्यानंतर वर्गात, हातभर अंतरावरून वाचतानाही ती लांबची हाक आवाजात उरली. नुसतं ‘मोठ्यानं वाच’ म्हणण्यानं ते होत नाही.

पण शेवटची हाक काही केल्या येईना. ‘पळ पोरी, पाणी आलं!’ सगळे ते वाचतात स्वच्छ, शुद्ध आणि निर्जीव. मी म्हटलं, कागद ठेवा, गिरणेत तुमची धाकटी बहीण उभी आहे आणि पाणी सुटलंय. काय ओरडाल? मागच्या बाकावरून, जी पोरगी वर्षभर तोंड उघडत नाही तिच्या तोंडून, ‘पय वं माय, पय! पानी उनं!’ अरे, शेजारच्या वर्गातल्या बाई धावत आल्या! मग तिलाच सांगितलं, आता हाच श्वास, हीच घाई, फक्त शब्द कागदावरचे. आणि ते जमलं. घरची बोली शाळेबाहेर ठेवून या म्हणणारे अजून आहेत आपल्यात. त्यांनी ही एक ओळ ऐकायला यावी. तेव्हापासून अवघड वाक्य आलं की आधी अहिराणीत बोलायचं, मग वाचायचं, अशी रीतच पडली. आणि हो, ‘वाळू’ची ‘वायू’ होते अधूनमधून. होऊ दे. वाचताना मधे टोकलं की पोराचा धागा तुटतो. उच्चाराचं काम वेगळ्या वेळी करतो.

आता तुझी खरडपट्टी. दुसऱ्या पानावर ‘अथांग निळ्या सागराच्या फेसाळत्या लाटांचे विलोभनीय दृश्य’ असा जो परिच्छेद आहे, तो कुणी लिहिला? तू? पोरं तिथं पोचली की छाती पुढे काढून वक्तृत्व स्पर्धेच्या सुरात शिरतात, आणि त्यातून बाहेर यायला त्यांना अर्धं पान लागतं. आजी कालवं काढायला आलीय, तिला ते दृश्य विलोभनीय वाटायला सवड आहे का? तिला दिसतं ते लिही: पाणी किती मागे गेलं, कुठला खडक अजून ओला, डबक्यात काय अडकून राहिलं. तुझी छोटी वाक्यं पोरं सुरेख वाचतात. शोधताना संथ, परतताना झपझप, हा वेग तुझ्या वाक्यांच्या लांबीतच आहे, मला वेगळा सांगावा लागला नाही. फक्त हा एक परिच्छेद मधे धोंडीसारखा पडलाय.

हावभावांबद्दलही आमचं ठरलंय. हात कागद धरायला आहेत. मागे एका स्पर्धेत परीक्षकांनी हातवाऱ्यांना वेगळे गुण ठेवले होते; पोरं वाऱ्यावर डोलणाऱ्या झाडांसारखी हात हलवत होती आणि गोष्ट कुणालाच ऐकू गेली नाही. नाटकात मी आजी होतो, वाचनात मी आजीबद्दल सांगतो, अधूनमधून तिचा आवाज उसना घेतो. म्हणून निवेदन करणाऱ्यांना म्हातारीचा थरथरता गळा काढायला बंदी आहे. कंबर वाकवायलाही. रोज खडक तुडवणारी बाई ती, तिचा आवाज आपल्यापेक्षा खणखणीत असणार.

तर तुझ्याकडून तीन कामं. तो परिच्छेद बदलून पाठव, पुढच्या आठवड्यात मिळाला तरी चालेल. दुसरं, तुमच्या वाडीतल्या बाया खडकावर एकमेकींना हाका कशा मारतात ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून पाठव, मात्र त्यांना विचारून. आमच्या पोरांनी त्यांची नक्कल करावी म्हणून नाही. वाऱ्यात माणूस शब्द कुठं ताणतो ते त्यांना ऐकू दे. तिसरं, तू स्वतः ये. २७ला रजा मिळाली तर आदल्या रात्री भरीत आणि कळण्याची भाकरी, वांगी शेतातलीच. वहिनींना आणि पोरांना धुळ्याहून घेऊनच ये.

तुझा,
गिरणाकाठचा मास्तर

ता. क. पोरांचा एक प्रश्न राहिला. आजीची टोपली परत येताना भरली होती की पळताना सांडली, ते तू कुठंच लिहिलेलं नाहीस. वर्गात दोन तट पडलेत, आणि शेवटचं वाक्य दोन्ही तट वेगवेगळं वाचतात. मला वाटतं तू ते लिहूच नकोस.